सुलभाबाईंचे शनिवार

शुक्रवारी संध्याकाळ झाली की सुलभाबाई उपासनींच्या पोटात कालवाकालव सुरू व्हायची. भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवायचं नाही, कुलूप लावल्यावर परत जिना चढून ते ओढून बघावंसं वाटायचं. त्यांचे यजमान श्रीकांतराव वीज मंडळात नोकरीला होते, शांत स्वभावाचे. ते ताटावर बसले की आमटीची चव घेऊन म्हणायचे, "उद्या शनिवार दिसतोय." आणि स्वतःच उठून मिठाची बरणी घेऊन यायचे.

सुलभाबाई मूळच्या रावेरच्या. लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आल्या आणि लालबागमधल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागल्या. जिल्ह्याचं गाव तेव्हा खंडवा होतं, सगळे आदेश तिकडूनच यायचे. असाच एक आदेश आला तो एकीकृत शिक्षणाचा. ज्या मुलांना ऐकू येत नाही, नीट चालता येत नाही, ज्यांची समज उशिरा वाढते, अशी घरात बसवून ठेवलेली मुलं आता नेहमीच्या शाळेत, नेहमीच्या मुलांबरोबर बसवायची. त्यासाठी प्रत्येक शाळेतून एकानं इंदूरला ट्रेनिंगला जायचं. शाळेत कुणाला घरची जबाबदारी होती, कुणाला गुडघेदुखी होती. हेडमास्तरांनी सुलभाबाईंकडे पाहिलं. त्यांना नाही म्हणता आलं नाही. तसं त्यांना कधीच, कुणालाच, नाही म्हणता आलं नव्हतं.

ट्रेनिंगहून त्या आल्या आणि त्यांच्या वर्गात ही मुलं येऊन बसली. बसली, एवढंच. भिंतीकडच्या तागाच्या टाटपट्टीवर बसायची, मधली सुट्टी झाली की तिथंच राहायची. त्यातला गोटू मात्र बाहेर पळायचा. गोटू म्हणजे जवळच्याच किराणा दुकानदाराचा मुलगा, गोल चेहऱ्याचा, बारीक डोळ्यांचा, बोलणं जड. त्याला सगळेच आवडायचे. सुट्टीत पकडापकडीचा खेळ रंगायचा आणि गोटू घामाघूम होऊन धावत असायचा. सुलभाबाईंना वाटलं, चला, हा तरी मिसळला. मग एक दिवस खिडकीत उभं राहून नीट पाहिलं तेव्हा कळलं की राज्य कायम गोटूवरच आहे. त्यानं कुणाला पकडलं तरी पोरं म्हणायची, पकडलंच नाहीस, आणि तो हसत परत धावायचा. राज्य आपल्यावर आहे याचा त्याला अभिमान वाटत होता.

त्या दिवशी घरी जाऊन सुलभाबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना म्हणाल्या, "शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी व्हरांडा मला द्याल का? यांना खेळायला शिकवायचंय."

"खेळायला शिकवायचं?" हेडमास्तर म्हणाले. "वो तो बच्चे अपने आप सीखते हैं, मॅडम."

"ही नाही शिकत. आणि बाकीची पण नाही शिकली, यांच्याबरोबर खेळायला."

अशी शनिवारची सुरुवात झाली. एक सतरंजी, एक रबरी चेंडू, वर्गातली दोन-चार नेहमीची मुलं, त्यांना थांबवायला फुटाणे आणि केळ्याचे वेफर्स. चेंडू घ्यायचा, दुसऱ्याचं नाव घ्यायचं, मग टाकायचा. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. खेळायला घ्या म्हणून विचारायचं. हरलं की रडायचं, पण मारायचं नाही. राज्य एकदा घेतलं की पुढच्याला द्यायचं, हे गोटूला शिकवायला पावसाळा सगळा गेला. राज्य दुसऱ्याला दिलं की त्याला आपलं काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं वाटायचं.

मदतीला गोटूची आई शोभा यायची. तिच्याच दुकानात सामान घ्यायला येणाऱ्या आशाबाईला तिनं शनिवारबद्दल सांगितलं, आणि एका दुपारी आशाबाई आपल्या मुलीला घेऊन आली.

आशाबाई जवळच्या निंबोला गावची. नवरा कौतिक, थोडी केळीची बाग, थोडा कापूस. मुलगी सरू, आठ-नऊ वर्षांची, आजीचं नाव ठेवलेली. सरू बोलत नव्हती. हाक मारली तर ओ देत नव्हती. कुणी अंगाला हात लावला तर किंचाळायची आणि स्वतःचंच मनगट चावायची. मनगटावर चावल्याचे जुने काळे वण होते. आशाबाईनं तिला आणलं होतं ते स्वतःच्या पदराला बांधून. पदराचं टोक सरूच्या कमरेला, दुसरं स्वतःच्या मुठीत.

"काय करू बहेनजी," ती म्हणाली, "हात धरू देत नाही. सोडली तर पळते. बसमधी लोक सरकून बसतात."

सरू व्हरांड्याच्या कोपऱ्यात बसली. येताना आणलेलं वाळकं केळीचं पान ती नखांनी चिरत होती, धाग्याइतकं बारीक. चेंडूकडे तिनं पाहिलं नाही. सुलभाबाईंनी खेळ शोभावर सोपवला आणि त्या सरूपासून थोड्या अंतरावर जाऊन बसल्या. आपला हात सतरंजीवर उताणा ठेवला. तिच्याकडे बघितलं नाही, काही बोलल्या नाहीत. पुढच्या शनिवारीही तसंच. इंदूरला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना आपल्याला जी भीती वाटते तीच त्या मुलीला वाटत असावी असं वाटलं, आणि घाबरलेल्या माणसाजवळ कसं बसावं हे त्यांना ठाऊक होतं.

थंडी संपत आली तेव्हा एका दुपारी सरूनं पान खाली ठेवलं आणि आपला हात सुलभाबाईंच्या तळव्यात ठेवला. एखादी वस्तू ठेवावी तसा. सुलभाबाई हलल्या नाहीत. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसायला दुसरा हातही उचलला नाही.

तिथून पुढं सगळं भराभर गेलं. सुलभाबाईंचा हात, मग गोटूचा, मग शोभाचा. मग साखळीचा खेळ. हात पुढे आला की धरायचा, धरला की चालायचं. सरूनं हात दिला की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. सरूला टाळ्यांचा आवाज सुरुवातीला सोसायचा नाही, ती कान झाकायची. नंतर नंतर टाळ्यांची वाट बघायला लागली. साखळी व्हरांड्यातून मैदानात आली, मैदानातून रस्त्यावर. दुकानदारानं हात पुढे केला, सरूनं धरला. पोस्टमननं केला, धरला. आशाबाईच्या पदराची गाठ सुटली. त्या उन्हाळ्यात ती सरूला घेऊन असीरगढला माहेरच्या लग्नाला जाऊन आली. आल्यावर सांगत होती, "मांडवात सगळ्यायच्या हातात हात देत फिरली. कोनाबी संगं जाते आता, बहेनजी. माही सासू तर रडलीच."

हेडमास्तरांनी खंडव्याला पाठवायच्या अहवालात सरूचं नाव घातलं. निंबोल्याच्या शाळेनं तिला जूनमध्ये घ्यायचं कबूल केलं. सुलभाबाईंना फार आनंद झाला. शुक्रवारची कालवाकालव मात्र काही थांबली नाही.

सरूची शाळा सुरू व्हायच्या आधी मुलांना बाहेरच्या जगाची सवय व्हावी म्हणून त्यांनी एक शनिवार स्टेशनवर न्यायचं ठरवलं. लालबागचं स्टेशन शाळेपासून पायी जाण्यासारखं. नळावर रांग लावायची, तिकीट खिडकीपुढे रांग लावायची, बाकावर बसून गाडीची वाट बघायची. दोन गाड्यांच्या मधली शांत वेळ त्यांनी विचारून घेतली होती. आदल्या दिवशी एकट्या जाऊन पायऱ्या, फाटक, नळ सगळं पाहून आल्या होत्या. आशाबाई त्या दिवशी सरूला सोडून सासूची औषधं आणायला दवाखान्यात गेली. सरू आता राहत होती, म्हणून पहिल्यांदाच ती निश्चिंत गेली.

नळावरची रांग छान लागली. मुलं बाकावर बसली. आणि तेवढ्यात सकाळीच येऊन जायला हवी होती ती खंडव्याकडून येणारी पॅसेंजर फलाटावर आली. डबे उघडले, माणसं, पेट्या, पोती, कोंबड्यांच्या पाट्या. गोटू गाडीला हात हलवत धावला आणि कुणाच्यातरी ट्रंकेला अडखळून पडला. गुडघा फुटला. सुलभाबाई खाली बसल्या, रुमाल बांधला. शोभानं बाकीची पोरं भिंतीशी धरून ठेवली होती. सुलभाबाईंनी मान वर केली तेव्हा बाकावर सरू नव्हती.

आधी त्यांना वाटलं, बाकाच्या मागं असेल. मग नळापाशी. मग शोभाकडे पाहिलं तर शोभा त्यांच्याकडेच बघत होती.

"ताई, तुमच्याजवळ होती ना?" शोभा म्हणाली.

गाडीनं शिट्टी दिली. सुलभाबाई डब्यांच्या खिडक्यांतून बघत धावल्या. बायका, डोकी, घुंगट, लहान पोरं. गाडी हलली, वेग घेतला आणि निघून गेली. फलाट रिकामा झाला. त्या बाकापाशी परत आल्या. गोटू बाकावर बसून रुमालावरचं रक्त बघत होता.

"गोटू, सरू कुठंय? पाहिलीस तू?"

गोटूनं मान डोलावली. मग आपला हात पुढं केला, तळवा उताणा करून. "हात," तो म्हणाला. आणि टाळ्या वाजवल्या.

सुलभाबाईंच्या लक्षात आलं. कुणीतरी हात पुढं केला होता. सरूनं धरला होता. धरला म्हणून ती चालायला लागली होती. त्यांनीच शिकवलं होतं तसं, अगदी बरोब्बर.

"कुणाचा हात? माणूस होता? बाई होती?"

गोटूला तो प्रश्न कळला नाही. सरूनं शिकवलेलं बरोबर केलं, तरी बाई का खूश होत नाहीत, हे न कळून तो नुसता हसला.

स्टेशन मास्तरांनी पुढच्या स्टेशनला फोन लावला. चौकीवर माणूस गेला. शोभा मुलांना घेऊन शाळेत परतली. सुलभाबाईंनी फलाटाची दोन्ही टोकं पाहिली, पुलाखाली, संडासांच्या मागं, मालगाडीच्या डब्यांमध्ये. "सरू, सरू," असं ओरडताना त्यांना कळत होतं की हा आवाज कुणालाच काही उपयोगाचा नाही. बाहेर टांगेवाल्यांना विचारलं. त्यांच्यातले बरेच जण सवारी घेऊन शहराकडे गेले होते. जे होते त्यांनी मुलगी पाहिली नव्हती.

आशाबाई तिथंच आली. शाळेत शोभानं तिला नुसतं स्टेशनवर जायला सांगितलं होतं. हातात औषधांची पिशवी होती. सुलभाबाईंनी शोधता शोधता वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"आशाबाई, सरू सापडत नाहीये."

आशाबाईनं पिशवी खाली ठेवली. इकडंतिकडं बघितलं. कुणीतरी मदत करायच्या हेतूनं सरूच्या नावानं हाका मारत होतं.

"हाक मारून काय उपेग," ती म्हणाली. "ओ देत नाही ती." आणि मग अगदी हळू, "पहिले बरं होतं. किंचाळायची तरी. लोक गोळा व्हायचे."

सुलभाबाईंना वाटलं, ही आता मला मारेल तर बरं होईल.

उन्हं उतरली. एकेक टांगा परतत होता आणि सुलभाबाई प्रत्येक टांग्यापुढे जाऊन तेच विचारत होत्या. दगा नावाचा एक म्हातारा टांगेवाला आला, घोड्याला पाणी दाखवत त्यानं ऐकून घेतलं.

"मुकी पोरगी? पिवळा झगा?" तो म्हणाला. "ती तर आजीसंगं होती. शहरात, शिकारपुऱ्यात सोडली मी दोघींला. नातच वाटली मले. हातात हात होता."

दगाच्या टांग्यातून सुलभाबाई आणि आशाबाई गेल्या. आशाबाई पुढं वाकून बसली होती, टांगा तिच्या वाकण्यानं लवकर पोचणार असल्यासारखी. तिच्या ओठांची हालचाल होत होती, आवाज नव्हता. सुलभाबाईंच्या मनात आलं, ती आजी दुसरीच कुणी असेल तर, पिवळा झगा दुसऱ्या कुणाचा असेल तर. रस्त्यात यंत्रमागांची खडखड चालू होती, आणि त्या आवाजात सरूनं कान झाकले असतील का, की हात धरलेला असल्यामुळं झाकता आले नसतील, हे त्यांच्या डोक्यातून जाईना.

सरू एका घराच्या ओट्यावर बसली होती. पुढ्यात खिचडीची ताटली, अर्धी खाल्लेली. हातात केरसुणीची एक काडी, ती चिरत होती. आशाबाई टांगा थांबायच्या आधीच उतरली. तिनं सरूला उचललं, आणि सरूनं किंचाळायला तोंड उघडलं, तरी तिनं सोडलं नाही.

ती म्हातारी रंभाबाई. नेपानगरला मुलीकडे राहून आलेली, डोळ्यांनी कमी दिसणारी, एकटी राहणारी. सगळं ऐकल्यावर ती कपाळाला हात लावून बसली.

"माय माय माय. पायरी उतरताना म्हटलं, हात दे गं बाई. कुणी ना कुणी देतंच. या पोरीनं दिला आन सोडेच ना. टांग्यात बी चढली माझ्यासंगं. मी म्हटलं, याच भागातली असेल, पोचवायला आली असेल. नाव विचारलं, गाव विचारलं, बोलेच ना. शेजारचा सुरेश कामावरून आला की त्याला चौकीवर धाडणारच होते." मग सरूकडे बघून म्हणाली, "फार मायेची पोर हो. असा हात कोण देतं आता?"

निघताना रंभाबाईनं सरूला जवळ घ्यायला हात पुढं केला. सरूनं लगेच, आईच्या कडेवरून, त्यात आपला हात ठेवला आणि खाली उतरायला धडपडली. आशाबाईला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. रंभाबाईच्या जागी कुणीही असतं तरी सरू अशीच गेली असती, ही भीती सुलभाबाईंना स्टेशनवर वाटली नव्हती ती तेव्हा वाटली.

सोमवारी कौतिक शाळेच्या फाटकाशी येऊन उभा होता. आत आला नाही. उंच, काळा, हातावर केळीच्या चिकाचे डाग. तो ओरडला नाही.

"बहेनजी, आमची पोरगी आता नाही येनार. तुमची चूक म्हनत नाही मी. पन नाही येनार."

पुढचे काही शनिवार व्हरांडा रिकामा राहिला. सुलभाबाईंनीच बंद ठेवला. शोभा दोनदा विचारायला आली. गोटू तर शनिवारी दुपारी येऊन कुलूपबंद फाटकाला धरून उभा राहायचा, म्हणून शोभानं त्याला दुकानात बसवायला सुरुवात केली.

"बंदच करते," सुलभाबाई श्रीकांतरावांना म्हणाल्या. "घरी बसलेली पोर घरी सुरक्षित होती. मी तिला उचलून रस्त्यावर आणून ठेवलं."

श्रीकांतराव बुटाला पॉलिश करत होते. "तू तिला काय शिकवलंस?"

"सांगितलं ना. हात द्यायला."

"आणि द्यायचा नसेल तर?"

सुलभाबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुझ्याबद्दल म्हणत नाहीये मी," श्रीकांतराव म्हणाले, पण म्हणाले ते खरं सुलभाबाईंबद्दलही होतं हे दोघांना कळलं. इंदूरच्या ट्रेनिंगला, नणंदेच्या सगळ्या बाळंतपणांना, शिक्षकांवर येणाऱ्या जनगणनेच्या कामांना, त्या हात पुढे आला की चालतच आल्या होत्या. जे स्वतःला येत नव्हतं ते मुलीला शिकवायचं त्यांना सुचलं नव्हतं.

रविवारी त्या बसनं निंबोल्याला गेल्या. बसमध्ये तीनदा वाटलं की उतरावं आणि परत जावं. कौतिकचं घर गावाच्या कडेला, अंगणात घडांचे वाळके देठ पडलेले. आशाबाईनं पाणी दिलं. सरू पुन्हा पदराला बांधलेली होती. हे पाहिल्यावर सुलभाबाईंनी जे बोलायचं ठरवलं होतं ते विसरून सरळच सांगितलं.

"मी तिला अर्धंच शिकवलं. हात द्यायला शिकवलं, मागं घ्यायला शिकवायचं राहिलं. ते शिकवायला आले. तुमच्याच अंगणात शिकवते, तुमच्यासमोर. शाळेत नको."

"इतक्या मुश्किलीनं हात द्यायले शिकली," कौतिक म्हणाला. "आता नाही म्हनायले शिकवनार? मंग पहिल्यासारखी झाली तर? मंग काय करायचं आमी?"

"होईल कदाचित," सुलभाबाई म्हणाल्या. "काही दिवस तरी."

"म्हंजे तुमाले बी माहीत नाही."

"नाही माहीत."

आशाबाई आतून म्हणाली, "येऊ द्या त्यायले."

खेळ उलटा केला. सुलभाबाई समोर हात पुढं करायच्या आणि सरूच्या मागं बसलेली आशाबाई सरूचे दोन्ही हात हळूच पाठीमागं न्यायची. हात पाठीमागं गेले की टाळी. सरू गोंधळली. तिचे डोळे भिरभिरले, मनगट तोंडाकडे गेलं. ज्या गोष्टीला इतके दिवस टाळ्या मिळत होत्या तिला आता काहीच मिळत नव्हतं. पहिल्या रविवारी ती एवढी किंचाळली की शेजारचे लोक अंगणाच्या कुडापाशी येऊन उभे राहिले.

आणि कौतिक म्हणाला होता तसंच झालं. एकदा हात पाठीमागं न्यायचं कळल्यावर सरू सगळ्यांनाच नाही म्हणायला लागली. सुलभाबाईंना, शेजारणीला, आजीला. आईलासुद्धा. आशाबाईनं हात पुढं केला की सरूचे हात पाठीमागं. निंबोल्याच्या शाळेत नाव घातलं होतं, पण तिला तिथवर न्यायची कशी. पदर परत आला. जून गेला, जुलै गेला. "तुमच्या नादी लागून पोरीचं दोनदा वाटोळं झालं," असं सरूची आजी सुलभाबाईंना तोंडावर म्हणाली, आणि सुलभाबाईंना ते खोटं आहे असं म्हणता येईना.

तरी त्या जात राहिल्या. शनिवारचा व्हरांडाही परत उघडला. तिथंही आता हात मागं घ्यायचा खेळ होता. गोटूला तो पटकन आला. कुणी राज्य घे म्हटलं की तो दोन्ही हात पाठीमागं नेऊन गंभीर चेहऱ्यानं उभा राहायचा आणि मुलांना दुसरा कुणीतरी शोधावा लागायचा.

पोळा झाल्यावरची गोष्ट. कौतिकचा मावसभाऊ पंडित घरी आला होता, सरूनं कधी न पाहिलेला. त्यानं गंमत म्हणून हात पुढं केला, "चाल, दुकानात जाऊ." सरूचे हात पाठीमागं गेले. हे रोजचंच होतं. पण मग तिनं मान वळवली आणि चुलीपाशी बसलेल्या आईकडे बघितलं. हाताकडे नाही, पदराकडे नाही, तोंडाकडे. आशाबाईची भाकर तव्यावर तशीच राहिली. पोरीनं असं तिच्या तोंडाकडे कधी पाहिलंच नव्हतं. आशाबाईनं मान डोलावली, जा. सरूचा एक हात पाठीमागून पुढं आला.

पुढच्या रविवारी आशाबाईनं हे सुलभाबाईंना सांगितलं तेव्हा भाकर जळाली हेही सांगितलं. मग त्यांनी खेळाला नवी पायरी जोडली: हात आला की आधी आईकडे बघायचं. ते सरूला कधी जमायचं, कधी नाही. गर्दीत जमायचं नाही. आई जवळ नसली की नुसतेच हात पाठीमागं. तेवढंही सुलभाबाईंना पुरेसं होतं.

दिवाळीनंतर ती निंबोल्याच्या शाळेत बसायला लागली. महिनाभरातच तिथल्या मास्तरांचा निरोप आला, येऊन जा. सुलभाबाई धास्तावून गेल्या. मास्तर तरुण होते, चिडलेले होते.

"मॅडम, ही हट्टी आहे. प्रभातफेरीला रांगेत घ्यायला गेलो, हातच देत नाही. सगळ्या गावासमोर हात मागं करून उभी. तुम्ही तर म्हणता ट्रेनिंग दिलं."

सुलभाबाईंनी तोंड उघडलं, त्या सवयीनं माफी मागायच्या बेतात होत्या. आशाबाई दाराशी उभी होती. शाळेच्या खोलीत ती कधी बोलली नव्हती.

"हात नका धरू, मास्तर," ती म्हणाली. "थोडं थांबा. तिला तुमची ओळख होऊ द्या. मंग ती देईन."

"आणि नाही दिला तर?"

"तर नाही देनार," आशाबाई म्हणाली. "ती चालते. रांगेत मागून चालू द्या."

मास्तर रजिस्टर ओढून दुसऱ्या कामाला लागले. पुढच्या फेरीला सरू रांगेच्या शेवटी, कुणाचा हात न धरता, केळीचं पान चिरत चालली. मास्तर मधूनमधून मागं वळून बघत होते, असं आशाबाईनं नंतर सांगितलं.

सुलभाबाईंचे शनिवार त्यानंतरही बरीच वर्षं चालले, त्या निवृत्त होईपर्यंत. कौतिक त्यांच्याशी फार बोलला नाही. पण त्याच हिवाळ्यातल्या एका शनिवारी त्याची मोटरसायकल शाळेच्या फाटकाशी थांबली. मागं निंबोल्याचाच सुकलाल नावाचा शेतकरी बसला होता, आणि दोघांच्या मधे त्याचा दणकट मुलगा, ज्याच्या हनुवटीवरून लाळ गळत होती.

"हा चावतो, बहेनजी," कौतिक म्हणाला. "बापालेबी चावला आज. आधीच सांगतो."

गोटू चेंडू घेऊन पुढं येत होता, त्याला सुलभाबाईंनी खुणेनं थांबवलं. मग सतरंजीचं एक टोक बाकीच्यांपासून लांब ओढून त्या तिथं जाऊन बसल्या.

"बसू द्या त्याला," त्या म्हणाल्या. "जवळ नका आणू. त्याचा त्याला येऊ द्या."